नवरदेव आणि मंडळी

आजोबा आजीचे नाव कधी घेत नसत. घरी कुणी आले आणि ती दिसली नाही, तर सांगत, "आमची मंडळी बाजारात गेली आहे." बायकोला ‘मंडळी’ म्हणायचे, ‘कुटुंब’ म्हणायचे, एकटीचा उल्लेख घोळक्यात झाकून टाकायचा, ही जुन्या घरांची रीत. ख्रिस्ती झालेल्या घरांनीही ती सोडली नव्हती. रविवारी त्यांच्या शेजारी देवळात बसलो, की पाळकसाहेबांच्या तोंडून तोच शब्द यायचा : ख्रिस्ताची मंडळी. सात-आठ वर्षांच्या वयात मी त्याचा सरळ अर्थ लावला. ख्रिस्ताची मंडळी म्हणजे ख्रिस्ताची बायको. आजोबांना तसे विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

खरोखरच बरोबर होते. मराठी बायबलने श्रद्धावंतांच्या समुदायासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला. कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, प्रॉटेस्टंट आजही ‘मंडळी’च म्हणतात. त्या समुदायाचे आणि देवाचे नाते शास्त्राने ज्या अनेक उपमांतून सांगितले, त्यांतली सर्वांत धीट उपमा लग्नाची आहे. ख्रिस्त वर, मंडळी वधू. मराठीने या उपमेची अर्धी वाट आधीच चालून ठेवली होती, कारण लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलाला आपण ‘नवरदेव’ म्हणतो. हिंदू विवाहात कन्यादानाच्या वेळी तो विष्णुरूप मानला जातो आणि मुलीचे वडील त्याचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानात हे दृश्य उलटे होते. मरणाच्या आदल्या रात्री ख्रिस्त कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. नवरदेव मंडळीचे पाय धुतो. या लेखात मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ या उलटण्यात आहे. ख्रिस्ती विवाहाचे प्रतीक नवऱ्याला देवाच्या पाटावर बसवण्यासाठी वापरले गेले, तेव्हा तेव्हा ते बिघडले. महाराष्ट्रात ते खरे झाले, ते काही मोडू घातलेल्या संसारांत आणि टाकलेल्या बायकांच्या आश्रमात.

उपमा ख्रिस्तापेक्षा जुनी आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात उत्तरेकडच्या इस्राएलात होशेय नावाचा संदेष्टा होऊन गेला. त्याची बायको गोमेर त्याला सोडून दुसऱ्यांकडे गेली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिला हाकलून देण्याचा त्याला हक्क होता. त्याने उलट पंधरा शेकेल रुपे आणि वर जव मोजून तिला परत आणले. आपल्या घरात जे घडले तेच देवाच्या घरात घडते आहे, असे त्याला दिसले : देवाने एका प्रजेचा हात धरला, ती दुसऱ्या दैवतांमागे गेली आणि देव तिला विसरू शकत नाही. होशेयाच्या पुस्तकातली एक जागा मराठी वाचकाने मुद्दाम थांबून वाचावी अशी आहे. हिब्रूत ‘बाल’ म्हणजे मालक आणि ‘बाल’ म्हणजे नवराही. कनानी देवाचे नावही तेच. देव म्हणतो, तो दिवस येईल तेव्हा तू मला ‘बाल’ म्हणणार नाहीस, तू मला ‘माझा माणूस’ म्हणशील. ‘बाल’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे : धनी. खेड्यातल्या बायका नवऱ्याला हाक मारत त्यातला धनी, घरधनी. अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीचा हा देव आपल्या वधूला सांगतो आहे, मला धनी म्हणू नकोस.

यिर्मया, यहेज्केल आणि यशया यांनी ही उपमा पुढे नेली. गीतरत्नासारखे उघड शृंगाराचे काव्य शास्त्रात टिकले, त्यामागेही हीच दृष्टी होती. यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी त्यात देव आणि त्याची प्रजा पाहिली. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने गीतरत्नावर शहाऐंशी प्रवचने दिली आणि तरीही तो तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपलीकडे पोचला नाही. ख्रिस्त स्वतःला वर म्हणवतो. दहा कुमारींच्या दृष्टांतात तो रात्री उशिरा येणारा नवरदेव आहे आणि मुली दिवे घेऊन त्याची वाट पाहतात. त्या काळच्या यहुदी रीतीत वाङ्‌निश्चय झाला की मुलगी कायद्याने त्याची बायको होई, पण वर येऊन नेईपर्यंत ती बापाच्या घरीच राही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मंडळी आज त्याच अवस्थेत आहे. नाते पक्के आहे, घर अजून मिळायचे आहे. बायबलचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, कोकऱ्याच्या लग्नाची वर्दी देते आणि नवे यरुशलेम शहर नटलेल्या वधूसारखे खाली उतरते.

पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हे सगळे माणसांच्या घरात आले. नवरा-बायकोविषयी लिहिता लिहिता तो म्हणतो की हे रहस्य थोर आहे आणि मी ते ख्रिस्त व मंडळीविषयी बोलतो आहे. ‘रहस्य’ या ग्रीक शब्दासाठी लॅटिन भाषांतराने ‘साक्रामेन्तुम’ घेतला आणि त्यातून विवाह हा संस्कार ठरण्याला मोठा आधार मिळाला. लूथरने १५२० मध्ये नेमके यावरच बोट ठेवले : मूळ शब्द रहस्य आहे, त्यावर संस्काराची इमारत उभी राहत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह हा सात संस्कारांपैकी एक असल्याचे ठामपणे सांगितले. हा वाद पुण्यातही जिवंत आहे. नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये, जे सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर उभे आहे, लग्न संस्कार म्हणून लागते. दोन-तीन पेठा ओलांडल्या की एखाद्या मराठी प्रॉटेस्टंट देवळात तेच लग्न पवित्र करार म्हणून लागते. ‘करार’ हा शब्द ऐकला की आपल्याला स्टॅम्पपेपर आठवतो. पण मराठी बायबलचे दोन भागच ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ आहेत. तिथे करार म्हणजे एकाने शब्द दिला आणि दुसऱ्याने मोडला तरी पहिल्याने पाळला, असे नाते. मला स्वतःला संस्कार आणि करार हे विरोधी वाटत नाहीत. मराठी घरात लग्नाला संस्कार म्हणतात तेव्हा त्यात होमाचा धूर असतो, पिढ्यांचे ऋण असते. करारात दोन माणसांचा स्वतःहून दिलेला शब्द असतो. ख्रिस्ती विवाहाला दोन्ही लागते.

कॅथलिक शिकवणुकीतली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पाश्चात्त्य परंपरेत लग्न धर्मगुरू लावत नाही. वधूवर एकमेकांना हा संस्कार देतात आणि धर्मगुरू मंडळीतर्फे साक्षीदार असतो. दोघांची मोकळी संमती नसेल, तर वेदी, वाद्ये आणि शंभर पाहुणे असूनही लग्न झालेले नसते. आधी देवळात लग्नाची सूचना वाचली जाते, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती पुढे यावी. मग दिवस येतो. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत आदल्या दिवशी हळद लागते, वधूची साडी बहुधा पांढरी असते, अंगठ्यांची अदलाबदल होते आणि कित्येकदा लगेच मंगळसूत्रही घातले जाते. काळ्या मण्यांमध्ये दोन वाट्यांच्या जागी किंवा त्यांच्यामध्ये छोटा क्रूस. माझ्या आत्याचे असे मंगळसूत्र होते. तिला कुणी विचारले, की हे तुमच्यात चालते का, तर ती म्हणायची, "मणी सासरचे, क्रूस माहेरचा."

तिच्या या वाक्यावर मी बरीच वर्षे विचार केला आहे, कारण मराठी मनाला ही उपमा का जड गेली ते त्यात आहे. आपल्या भक्तीत देव नवरा क्वचितच होतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेत, गौळणी आहेत, पण वारकऱ्याच्या तोंडी रुळलेला शब्द ‘माउली’ आहे आणि पंढरपूर हे माहेर आहे. ज्या समाजात आठ-दहा वर्षांची पोर उचलून अनोळखी घरात नेली जाई, तिथे देवाला भेटणे म्हणजे सासरी जाणे असे सांगून कुणाला ओढ लागली असती? ओढ माहेराची होती. म्हणून ख्रिस्ती मराठी कवितेतही वराचे रूप मागे राहिले. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त काना गावच्या लग्नाची कथा ओवीत आली. पण तीनशे वर्षांनी कवी नारायण वामन टिळकांनी मराठी देवळांना गाणी दिली तेव्हा त्यांचा ख्रिस्त माउली झाला. ‘उपासना संगीत’ उघडले की हा मातृभाव जागोजागी भेटतो. हे मला टिळकांचे मोठेच शहाणपण वाटते. वराची उपमा त्यांनी नाकारली नाही. तिच्यातला धनी त्यांनी बाहेर ठेवला.

कारण धनी आत यायला टपलेलाच होता. पौलाच्या त्याच उताऱ्यातले, बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावे, हे वाक्य किती संसारांत काठीसारखे वापरले गेले याची मोजदाद नाही. त्याच्या आधीचे वाक्य सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बायकांविषयीच्या ओळीत वेगळे क्रियापदच नाही, ते वरच्या ओळीतून घ्यावे लागते. म्हणजे बायकांचे अधीन असणे हा परस्परांच्या अधीनतेचाच एक भाग आहे. आणि नवऱ्याला सांगितलेली गोष्ट जास्त अवघड आहे : ख्रिस्ताने जीव दिला तसा तू दे.

कायद्याने मात्र धन्याचीच बाजू घेतली. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की मोकळे केले. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे. जोडीला क्रूरता किंवा त्याग किंवा असेच दुसरे काही सिद्ध करावे लागे. एकनिष्ठेचे प्रतीक मानलेल्या नात्यात निष्ठेची दोन मापे होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये हा भेद घटनेशी विसंगत ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. एकशे बत्तीस वर्षे. या काळात किती ख्रिस्ती बायका देवळात बसून वधूचे गौरवगान ऐकत राहिल्या असतील आणि घरी काय सोसत राहिल्या असतील, हा विचार मंडळीने कधी मोठ्याने केला नाही याचे मला दुःख आहे.

देवाशी लग्न हे शब्द पुणे जिल्ह्यात आणखी एका अर्थाने खरे होते. जेजुरीच्या खंडोबाला नवसाने मुली वाहिल्या जात. त्यांचे देवाशी लग्न लागे आणि त्या मुरळ्या होत. त्यांच्या गाण्यात आणि भंडाऱ्यात श्रद्धा होती हे नाकारता येत नाही. पण ज्या पोरीचे लग्न लागले तिला कुणी विचारले नव्हते आणि तिच्या आयुष्याचे पुढे काय होई हे सगळ्यांना ठाऊक होते. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्रात पुन्हा २००५ मध्ये देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदे करावे लागले. दुसरीकडे कॅथलिक जोगिणी स्वतःला ख्रिस्ताच्या वधू मानतात, अनेक संघांत अंतिम व्रताच्या वेळी बोटात अंगठीही घालतात. दोन्हीकडे शब्द सारखे आहेत, फरक संमतीचा आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय आणि निदान तीन वर्षे तात्पुरत्या व्रतात काढल्याशिवाय कायमचे व्रत घेता येत नाही. वाङ्‌निश्चयानंतरची ती लांबलेली वाट इथे माणसाच्या भल्यासाठी राखून ठेवली आहे.

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणी १८७७ मध्ये पुण्यात आल्या आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौदात त्यांचे काम उभे राहिले. त्याच वर्तुळातून पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. रमाबाईंचा स्वतःचा संसार दोन वर्षांचाही नव्हता. १८८० मध्ये जात आणि प्रांत ओलांडून त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केले, १८८२ मध्ये ते कॉलऱ्याने गेले. मागे राहिली मनोरमा. १८८३ मध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे पुण्यात शारदा सदन आणि मग दौंडच्या वाटेवरच्या केडगावात मुक्ती हा आश्रम. १८९६-९७ च्या दुष्काळात तिथे विधवा, टाकलेल्या बायका, आईबाप मेलेल्या मुली शेकड्यांनी आल्या.

यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात देव एका स्त्रीशी बोलतो. ती वांझ आहे, टाकलेली आहे, विधवापणाच्या लाजेने मान खाली घातलेली आहे. तो तिला सांगतो की तुझा निर्माता हाच तुझा पती. युरोपातल्या गाद्यागिरद्यांच्या देवळांत हा अध्याय अलंकार म्हणून वाचला जात असेल. केडगावात तो शब्दशः होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल एकटीने सोप्या मराठीत आणले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि तिथले खिळे जुळवणारे हात बायकांचे होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, बाहेर पडला. नवऱ्याने किंवा सासरने ज्यांना नाकारले होते, त्यांनी देव हाच पती असे सांगणारा अध्याय शिशाच्या एकेका खिळ्याने उभा केला. मंडळी म्हणजे काय हे मला अजूनही या दृश्याइतके दुसऱ्या कशाने समजत नाही.

आता टिळक दांपत्य. ते पुण्याचे नव्हते, पण ज्या हवेत त्यांचे घर दुभंगले ती हवा पुण्याला चांगली ठाऊक होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आला. रानडे होते, लोकमान्य होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात झळकवली आणि कपभर चहावरून ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त असे सारे शहर ढवळून निघाले. चहाने जिथे एवढे होई, तिथे बाप्तिस्म्याने काय व्हावे? १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला कळले ते नंतर.

जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्नानंतर लक्ष्मी झाली होती. लक्ष्मी आणि नारायण. त्या बातमीने लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. नातलगांच्या आसऱ्याने त्यांनी दिवस काढले, काही काळ पंढरपुरात, म्हणजे भक्तांच्या माहेरी. टिळकांच्या हाती १८६६ चा कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने नांदायला नकार दिला, तर नवख्रिस्ती माणसाला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश जोडीदाराला बोलावून विचारी, फेरविचाराला एक वर्ष देई आणि तरीही नकार राहिला तर लग्न मोडून मोकळे करी. टिळक त्या दारी गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही बाप्तिस्म्यासाठी आल्या नाहीत, नवऱ्याजवळ आल्या. आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांना उमगले, त्यांनी सोवळे टाकले आणि त्यानंतर १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा सुमारे पाच वर्षे झाली होती.

होशेयाची गोष्ट इथे जशीच्या तशी बसत नाही आणि मी ती बसवणारही नाही. इथे न विचारता निघून गेला होता तो नवरा. अन्याय झाला होता तो बायकोवर. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत. टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणे, सगळे त्या सांगतात. त्यांच्या पुस्तकातला नवरा देव नाही, आणि म्हणून त्यांच्या प्रेमावर विश्वास बसतो. टिळकांनी तिच्या संमतीची वाट पाहिली. तिने त्यांच्यात माणूस शिल्लक आहे का याची. ज्याला मंडळीचे आणि ख्रिस्ताचे नाते समजून घ्यायचे आहे त्याने इफिसकरांस पत्राशेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवावे. माणसांची लग्ने देवाच्या प्रेमाची हुबेहूब प्रतिकृती नसतात. कधी देवाची बाजू नवरा दाखवतो, कधी बायको, पुष्कळदा दोघेही नाहीत. तरीही एकाने दुसऱ्याला हक्काने नव्हे, शब्दाने धरून ठेवले, की त्या क्षणापुरते वरचे नाते खाली दिसते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत लिहिण्याचे काम, ‘ख्रिस्तायन’, त्यांनी हाती घेतले होते. सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती, जोडाक्षरे त्यांना पुढेही छळत राहिली. टिळकांचा अध्याय जिथे थांबला होता, तिथून पुढे त्यांनी लिहायला घेतले आणि ग्रंथ पुरा केला.